सत्तेचाळीस, तीन वेळा

प्रिय इरा आणि निहार,

परवा व्हिडिओ कॉलवर निहारने विचारलं, "आजी, मामा म्हणतो तुमच्या ऑफिसच्या राउटरमध्ये भूत आहे... खरं का?" मी "मामाला काही उद्योग नाही" असं म्हणून विषय जेवणाकडे वळवला. ते बरोबर झालं नाही. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यावं. उत्तर नसेल तर निदान काय घडलं ते क्रमाने सांगावं. ते इथे सांगते. मोठ्या अक्षरात छापून घ्या. अडेल तो शब्द आईला विचारा.

आधी एक गोष्ट. माझा भुताखेतांवर, शकुनांवर, अंगात येण्यावर काडीचाही विश्वास नव्हता. 'होता' की 'नव्हता' असा प्रश्नच कधी पडला नाही. तीस-एक वर्षं मी इथल्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवलं. आपल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमधून धुपाचा वास येतो म्हणून बायका घाबरल्या होत्या, तेव्हा तळमजल्यावरच्या किराणावाल्याच्या देव्हाऱ्यातून तो वास डक्टमधून वर चढतो हे मीच शोधून काढलं. अशी मी बाई. आजही माझं मत फारसं बदललेलं नाही. फक्त एक दुपार माझ्या कोणत्याच हिशेबात बसत नाही.

आपल्या कंपनीबद्दल तुम्हाला अर्धवट माहीत आहे, म्हणून थोडं सांगते. तुमचे आजोबा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून त्यांनी इथे सुरतेत, गोडादऱ्यात, इंटरनेट पुरवण्याचा छोटा धंदा सुरू केला. ऑफिस साड्यांची घडी-पॅकिंग होते त्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. पुढे माझं टेबल आणि तक्रारी घ्यायचा फोन, मागे काचेआड यंत्रांचं कपाट. आसपासची घरं लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, काम करणाऱ्यांची, बहुतेक आपल्या खानदेशातली. दिवसभर खालून साड्यांच्या पिशव्या चिकटवायच्या टेपचा चर्र-चर्र आवाज येतो. तो आवाज थांबला की जेवायची सुट्टी झाली असं समजायचं.

आजोबा गेले त्याला आता पाच वर्षं होतील. धंदा नितीनमामा बघतो. मी रोज अकरा ते पाच तिथे असते, कारण मी वही सांभाळते.

ही वही महत्त्वाची आहे. राउटरमध्ये काहीही बदलायचं असेल तर आधी ते वहीत लिहायचं, मग मी मोठ्याने वाचायचं, मग इंजिनीअरने टाइप करायचं आणि टाइप केलेलं उलट वाचून दाखवायचं. आजोबांनी पाडलेली पद्धत. एकदा ती पाळली नाही तेव्हा अर्धा गोडादरा दोन तास नेटशिवाय बसला होता. आपला इंजिनीअर भास्कर, तेव्हा नवा होता, तो एका ओळीत अंडरस्कोर, म्हणजे खालची आडवी रेघ, द्यायला विसरला. तुम्हाला हे कळण्यासाठी मला पापडांच्या डब्यापासून सुरुवात करावी लागेल.

माझं लग्न झालं तेव्हा गावाकडून सुरतेला काही पाठवायचं तर ते माणसांच्या हातून यायचं. अमळनेरहून उडदाचे पापड निघायचे, ते नंदुरबारला कुणाकडे तरी दिले जायचे, तिथून कुणी उधन्याला आणायचं, उधन्याहून कुणी घरी. प्रत्येक जण डबा देताना सांगायचा— मला अमक्याने दिला, त्याला तमक्याने. तुमच्या पणजीबाई डबा हातात घेण्याआधी ही सगळी साखळी ऐकायच्या. आणि मधे कुठे त्यांच्या धाकट्या जावेचं नाव आलं, तर डबा परत! आत पापड आहेत की सोनं, बघायचंच नाही. "त्या वाटेनं आलेलं मला नको," संपलं.

इंटरनेटवर अगदी हेच चालतं. जगातल्या प्रत्येक मोठ्या नेटवर्कला एक नंबर असतो. 'अमुक ठिकाणी जायचा रस्ता माझ्याकडे आहे' अशी बातमी एक नेटवर्क दुसऱ्याला देतं, दुसरं तिसऱ्याला, आणि पुढे देताना प्रत्येक जण त्यावर आपला नंबर लावतो. आपल्या राउटरपाशी बातमी येते तेव्हा तिच्यावर नंबरांची रांग असते. ती कुणाकुणाच्या हातून आली त्याची. आणि राउटरमध्ये आपली एक यादी असते— रांगेत हा नंबर दिसला तर नाकार, तो दिसला तर घे. पणजीबाईच म्हणा ना. वरपासून वाचत यायचं, जी ओळ पहिली जुळेल ती लागू.

अंडरस्कोर लावतात तो नंबराच्या दोन्ही बाजूंना, कुंपणासारखा. भास्करने कुंपण न लावता नुसतं 'आठ-तीन' लिहिलं होतं, त्यामुळे ज्या ज्या नंबरात कुठेही आठ-तीन शेजारी आले ते सगळेच रस्ते नाकारले गेले. तेव्हापासून मी अंडरस्कोरसुद्धा मोठ्याने वाचते. भास्कर हसायचा. आता हसत नाही.

तर आपला स्वतःचाही एक नंबर होता. नितीन म्हणतो पूर्ण नंबर कुठे लिहू नको, म्हणून शेवटचे दोन आकडेच सांगते— सत्तेचाळीस. आजोबांनी खटपट करून मिळवलेला. ते गेल्यावर नितीनने एका भागीदाराबरोबर कंपनी जोडली, नवा नंबर आला, जुना सत्तेचाळीस आम्ही रीतसर परत केला. आज तो कुणाचाही नाही. असे बेवारस नंबर लबाड लोक वापरतात, म्हणून नितीनने तो नाकारायच्या यादीत घातला. दहावी ओळ. "नाकार. अंडरस्कोर, चार, सात, अंडरस्कोर." मीच वाचलं, तिथे अर्थात पूर्ण नंबर. वहीत त्यापुढे माझी सही आहे.

आता मनीषाबद्दल. तक्रारीच्या फोनवर बसायची ती मनीषा तुम्ही दोन वर्षांपूर्वी पाहिलीत— इराला जिने केसांना गजरा बांधून दिला होता. तिचे वडील लूमवर. आवाजाने त्यांचे कान गेलेत, त्यामुळे ती घरी ओरडून बोलते आणि फोनवर अगदी हळू. तिने नर्सिंगचा कोर्स केला आहे. सरकारी भरतीची परीक्षा तिने तीनदा दिली. दोनदा थोडक्यात गेली, एकदा आई आजारी म्हणून अर्ध्यातून उठून आली. ही चौथी. आणि शेवटची, कारण ऑगस्टमध्ये ती वयाच्या अटीबाहेर जाणार होती. परीक्षा रद्द झाली तर पुन्हा घेतात, पण केव्हा? सहा-आठ महिन्यांनी. तोवर तिचं नाव यादीतूनच गेलेलं असणार.

वर्षभर दुपारी तीन ते चार मी तिला इंग्रजी शिकवलं. परीक्षेच्या दिवशी सकाळी ती ऑफिसात पाया पडायला आली. मी म्हटलं, "पाया कसल्या पडतेस, 'लाय' आणि 'ले' मधला फरक सांग." तिने सांगितला: एक स्वतः आडवं होणं, एक काहीतरी ठेवणं. बरोबर. मग जिन्यातून ओरडली, "बाई, आज नेट जाऊ देऊ नका हं! गेलं तर तक्रार घ्यायला मी नाही!"

परीक्षेचं केंद्र गोडादऱ्यातच होतं, एका क्लासच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये, आणि त्या लॅबला लाइन आपली. दोन वाजता मुलांना आत बसवायचं, अडीचपर्यंत सगळ्यांनी लॉगिन करायचं. अडीचला पोर्टल बंद. आणि पोर्टल फक्त त्या केंद्राच्या नोंदवलेल्या पत्त्यावरूनच उघडणार, म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट लावून काही उपयोग नाही. हे लक्षात ठेवा, नंतर सगळे हेच विचारतात.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. आपल्याला बाहेरून दोन लाइन येतात. एक सचिन नावाच्या उपनगराच्या बाजूने, एक हजिरा रोडवरून इच्छापोरकडून. इच्छापोरची लाइन त्या दिवशी बारा ते चार बंद राहणार असं आठवडाभर आधी कळवलं होतं. नितीन म्हणाला, चिंता नाही, सचिनची आहे ना. एक वाजून पंचवीस मिनिटांनी सचिनमध्ये गटाराचं काम करणाऱ्या जेसीबीने आपली केबल उचलून धरली... आणि तोडली.

फोन सुरू झाले. मनीषा नव्हती म्हणून मीच घेत होते. नितीन केबल जोडणाऱ्या माणसांना घेऊन गाडीने सचिनला पळाला. आत भास्कर, बाहेर मी. दोन वाजता केंद्राच्या सरांचा फोन— "मॅडमजी, बच्चे बैठ गए हैं. ढाई बजे पोर्टल लॉक हो जाएगा. मैं क्या बोलूँ इनको?"

"बोलिए कि कोशिश चल रही है," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

आपली एक तिसरी, बारीकशी लाइन आहे. पलीकडच्या रस्त्यावर हरेशभाईंचा असाच छोटा धंदा आहे, त्यांच्या गच्चीपर्यंत. ती फक्त एकमेकांचे ग्राहक एकमेकांना जोडण्यासाठी. बाहेरच्या जगाचा रस्ता तिच्यातून कधी घेतलेला नाही. मी त्यांना फोन लावला, निदान आज तरी द्या म्हणून.

"बेन, मारी लाइन पण दोढ वाग्यानी बंध छे," हरेशभाई म्हणाले. त्यांचीही केबल सचिनच्या त्याच चरातून जाते, म्हणून तीही दीडपासून बंद; द्यायला त्यांच्याकडेच काही नव्हतं. "हुं शुं आपुं तमने?"

दोन वाजून दहा मिनिटं. मी घड्याळाकडे बघत होते आणि खरं सांगते, माझ्या डोळ्यांसमोर राउटर नव्हता, लाय आणि ले होतं.

तेवढ्यात आतून भास्कर म्हणाला, "हाई काय शे?"

भास्कर घाबरला की अहिराणीवर येतो. मी आत गेले. त्याच्या स्क्रीनवर नाकारलेल्या बातम्यांची यादी होती. यादी कसली, एकच ओळ. हरेशभाईंच्या लाइनवरून आलेली, एकाच ठिकाणच्या रस्त्याची. परीक्षेचं पोर्टल ज्या नेटवर्कवर आहे त्याची. बाकी जगाचा एकही रस्ता नाही. फक्त तेवढाच. आणि आपल्या राउटरने ती दारातून परत पाठवली होती, दहाव्या ओळीमुळे.

"नंबर वाच," मी म्हटलं.

त्याने वाचलं. आधी हरेशभाईंचा नंबर— त्यांचेही शेवटचे दोनच आकडे सांगते, ब्याऐंशी. मग सत्तेचाळीस. सत्तेचाळीस. सत्तेचाळीस. मग पोर्टलवाल्यांचा, एकोणीस.

"तीन वेळा का?" असं मी विचारलं नाही. भास्करनेही सांगितलं नाही. पण तुम्हाला सांगायला हवं. एखाद्या नेटवर्कला वाटलं की आपली ही लाइन कमकुवत आहे, लोकांनी अगदी गरज पडली तरच हिच्यावरून यावं, तर ते आपलाच नंबर दोन-तीनदा लावतं. रांग लांब दिसते, मग बाकीचे आखूड रांगेचा रस्ता आधी घेतात. दुसरं काहीच नसेल तेव्हा मात्र हा उपयोगी पडतो. आजोबा राखीव लाइनवर नेहमी तीनदा लावायचे. ट्रंक कॉलच्या काळातली सवय— खरखर असायची म्हणून ऑपरेटर नंबर तीनदा सांगायचा. घरीसुद्धा ते दूधवाल्याला "दोन लिटर, दोन लिटर, दोन लिटर" असंच सांगत. मला त्याचा फार राग यायचा.

"बाई," भास्कर म्हणाला, तो आजोबांना साहेब म्हणायचा, "हे तर साहेबांचं..."

"साहेबांचं काही नाही. नितीनला फोन लाव."

नितीनच्या मागे जेसीबी घरघरत होता. भास्करने सगळं सांगितलं. मग नितीनचा आवाज चढला. "आईला दे. आई, ती ओळ अजिबात काढायची नाही! सत्तेचाळीस आज कुणाचाच नाही. जो कोणी तो लावून बसलाय तो चोर आहे. पोरांचे पासवर्ड त्याच्या हातात द्यायचे का?"

"मग दुसरा रस्ता दे."

"जोडतोय ना! तीन-सव्वातीन होतील."

"अडीचला दार बंद होतं, नितीन."

मागून कुणीतरी "ढीलुं मूको, ढीलुं मूको" म्हणून केबल सैल सोडायला ओरडत होतं. मग तो म्हणाला, "तू ठरव. पण मी नाही म्हणालो हे वहीत लिही."

हे मी लिहिलं. दोन वाजून सोळा मिनिटं अशी वेळही घातली.

मुलांनो, नितीनचं म्हणणं पूर्ण बरोबर होतं. हे विसरू नका. ज्या हाताची ओळख नाही त्याच्यामार्फत चाळीस मुलांची परीक्षा पाठवायची नाही, हाच नियम. तो नियम मीच मोठ्याने वाचला होता. तरी मी वही पुढे ओढली. मला वाटतं मी मनीषाचा विचार करत होते. पण 'करत होते' असंही नाही म्हणता येणार. हात चालत होता.

"बाई, मी टाइप करतो, तुम्ही मागून लिहा," भास्कर म्हणाला. "वेळ नाही."

"वेळ नसतो तेव्हाच अंडरस्कोर विसरतो."

दहाव्या ओळीच्या वर एक नवी ओळ घालायची होती. फक्त हीच रांग घे, दुसरी कोणतीही नाही. रांगेच्या सुरुवातीला जे चिन्ह असतं त्याला आम्ही टोपी म्हणतो, शेवटाला डॉलर. मी लिहिलं आणि वाचलं. "घे. टोपी, ब्याऐंशी, अंडरस्कोर, सत्तेचाळीस, अंडरस्कोर, सत्तेचाळीस, अंडरस्कोर, सत्तेचाळीस, अंडरस्कोर, एकोणीस, डॉलर."

भास्करने उलट वाचून दाखवलं. तिसऱ्या सत्तेचाळीसनंतर थांबून त्याने बोटाने मोजून घेतलं, तीनच आहेत ना. मग पहिल्यापासून पुन्हा वाचलं.

एंटर दाबलं. दोन वाजून बावीस.

चोवीसला सरांचा फोन. "मॅडमजी, खुल गया! सबका खुल रहा है! क्या किया आपने?"

मी खुर्चीत बसले. बाहेरचा फोन वाजतच होता. गोडादऱ्यातून शिव्या चालूच होत्या. कारण बाकी कुणाचंच नेट आलं नव्हतं. समोरच्या चहावाल्याचं नाही, आमच्या स्वतःच्या ऑफिसचंही नाही. फक्त त्या चाळीस कॉम्प्युटरांचं, फक्त त्या एका पोर्टलपर्यंत. पावणेतीनला कुणीतरी म्हणालं, "काकी, हमारा भी चालू करो, उनका तो चल रहा है ना!"

तीन वाजून दहा मिनिटांनी सचिनची लाइन जोडली गेली. नेहमीचे सगळे रस्ते परत आले, आखूड रांगेचे. आणि ती लांब रांगेची बातमी यादीतून गेली. आम्ही दोघं स्क्रीनसमोरच होतो. एका क्षणी होती, पुढच्या क्षणी नव्हती. परीक्षा एका सेकंदासाठीही अडली नाही. साडेचारला मनीषा आली, तिला काहीच माहीत नव्हतं. "बाई, सुरुवातीला जरा स्लो होतं. कुणाकडे तक्रार करू?" भास्कर जोरात हसला आणि मग उठून हात धुवायला गेला तो बराच वेळ आला नाही.

पुढे काय काय तपासलं तेही सांगते, कारण तुम्ही दोघंही 'पण आजी' म्हणून सुरू होणार.

हरेशभाई दुसऱ्या दिवशी स्वतः आले. त्यांच्या राउटरमधून आम्हाला फक्त त्यांच्या ग्राहकांचे रस्ते येतात, दुसरं काही बाहेर पडूच शकत नाही अशी त्यांचीही यादी आहे. ती त्यांनी उघडून दाखवली. सत्तेचाळीस हा नंबर त्यांच्याकडे कुठेही नाही. त्यांचा राउटर आम्ही नंबर परत केल्यानंतर घेतलेला आहे, त्यामुळे जुनं काही उरलेलं असण्याचाही प्रश्न नाही. आणि त्या वेळी त्यांची बाहेरची लाइन तुटलेली होती. त्यांच्या यंत्रातले आकडे पाहिले असते तर काही कळलं असतं, पण सव्वातीन वाजले तरी लाइन येईना म्हणून त्यांनी ते बंद करून चालू केलं, सगळे आकडे पुसले गेले. "बेन, तमे मज्जाक तो नथी करता ने?" ते दोनदा म्हणाले. मला वाईट वाटलं.

नितीन म्हणाला, चोर. मग मी त्याला विचारलं, चोराला वाटतं सगळी वाहतूक माझ्या दारावरून जावी. तो आपली रांग आखूड करेल की तीनदा नंबर लावून लांब करेल? तो म्हणाला, "तीनदा तर निम्मं जग लावतं, आई. त्यात बाबांचं काय?" तेही खरं आहे. मीही तेच म्हणते.

जगभरात अशी यंत्रं आहेत म्हणे, जी सगळ्या रस्त्यांच्या नोंदी ठेवतात. नितीनने दोन रात्री बसून त्या चाळल्या. त्या दुपारी सत्तेचाळीस कुणालाही, कुठेही दिसलेला नाही. मग तो म्हणाला, आपल्याच राउटरला काहीतरी भास झाला असेल, जुनं काही मेमरीत राहिलं असेल. ठीक आहे. पण राउटरला भास झाला तर चाळीस मुलांनी पेपर कसा सोडवला? "आणि आई," हे त्याचंच वाक्य, "जायचा रस्ता समजा मिळाला. पोर्टलकडून परत यायचा रस्ता त्यांना कुणी सांगितला?" हा प्रश्न मला आधी सुचलाच नव्हता. आता तोच जास्त छळतो.

भास्करने त्या ओळीचा फोटो काढला होता. स्क्रीनवर पडलेल्या पंख्याच्या सावलीने जरा अंधारा आहे, पण आकडे वाचता येतात. कुणी पाहुणा आला की तो दाखवतो. मी त्याला सांगितलं, दाखव, पण पुढे गोष्ट लावू नकोस. त्याची आई मात्र दर अमावास्येला आमच्या ऑफिसच्या दाराशी उदबत्ती लावून जाते. मी विझवत नाही. का विझवत नाही ते मला सांगता येणार नाही.

जूनमध्ये निकाल लागला. मनीषा पास झाली. व्याऱ्याजवळच्या सरकारी दवाखान्यात नेमणूक मिळाली. पेढे घेऊन आली तेव्हा तिचे वडीलही सोबत होते, त्यांच्याशी मला ओरडून बोलावं लागलं. तोवर भास्करने तिला सगळं सांगून टाकलं होतं, फोटोसकट. ती माझ्या टेबलासमोर बसली आणि तिच्या त्या फोनवरच्या हळू आवाजात म्हणाली, "बाई, खरं सांगा. त्या दिवशी माझा पेपर कुणाच्या हातून गेला?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, मनीषा."

"काहीच अंदाज नाही?"

"नाही."

तिने पेढ्यांचा डबा माझ्याकडे सरकवला. मग म्हणाली, "बरं. पण ती ओळ काढू नका. माझ्या बहिणीची परीक्षा आहे पुढच्या वर्षी, केंद्र तेच."

मी रागावले. परीक्षा अभ्यासाने पास होते, ओळीने नाही, वगैरे. तिने ऐकून घेतलं आणि वडिलांना पेढा भरवला.

ओळ काढायला हवी, यात शंका नाही. तिचं काम तासाभरातच संपलं होतं. नितीन म्हणतो, बेवारस नंबराला दार उघडं ठेवणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे, आणि तो बरोबरच म्हणतो. आपले बदल सोमवारी होतात. दर सोमवारी तो विचारतो, "आई, आज ती काढायची ना?" काढण्याआधी मी वहीत लिहायला हवं, आणि वहीत एक रकाना आहे: कारण. बदल का केला, ते एका वाक्यात. ओळ घातली त्या दिवशी घाईत तो रकाना मी रिकामा सोडला. तिथे काय लिहायचं ते मला अजून सुचलेलं नाही, आणि तो भरल्याशिवाय पुढची नोंद कशी करायची हेही कळत नाही. म्हणून मी म्हणते, "पुढच्या सोमवारी बघू."

तुमच्या तिकडच्या शाळेत कुणाला यातलं कळत असेल तर हे दाखवा. फोटो भास्कर पाठवेल.

तुमची,
आजी